मेंदूला यंत्र जोडायचं, पण सर्व्हिसिंग कोण करणार?

गेल्या अंकात आम्ही एक लेख छापला होता. माणसाचा मेंदू आणि कृत्रिम बुद्धिमत्ता पुढच्या काही दशकांत एकमेकांत मिसळून जातील, असं मानणाऱ्यांची बाजू त्यात होती. त्यावर बरीच पत्रं आली. तत्त्वज्ञान कमी आणि कामाच्या गोष्टी जास्त, हे नागपूरच्या वाचकांना शोभलंच. निवडक प्रश्न घेतले आहेत. नावं आजारपणामुळे आणि नोकरीमुळे वगळली आहेत.

प्रश्न : आम्ही इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहोत. मेंदूच्या लहरींवर चालणारी व्हीलचेअर हा प्रोजेक्ट घेतला आहे. आठ चॅनलचं बोर्ड आहे, सॉफ्टवेअर नेटवरून घेतलं. स्क्रीनवर नुसता जाड पट्टा दिसतो. एकदाच सिग्नल बरा आला, मॉडेलनं ९६ टक्के अचूकता दाखवली आणि दुसऱ्या दिवशी खुर्ची भलतीकडेच वळली. चुकतंय कुठं? (एक विद्यार्थी, हिंगणा रोड)

उत्तर : तुमच्याकडे दोन वेगळे आजार आहेत. आधी जाड पट्टा बघू.

टाळूवरून मिळणारा ईईजीचा, म्हणजे मेंदूच्या विद्युतलहरींचा, सिग्नल जेमतेम १० ते १०० मायक्रोव्होल्टचा. खोलीतल्या वायरिंगमधून अंगावर चढणारी ५० हर्ट्झची हम (विजेची गुणगुण) त्याच्या कित्येक पट मोठी असते, आणि उन्हाळ्यात रेकॉर्डिंग करत असाल तर शेजारी कूलरही सुरू असणार. पंप आणि पंखा अशा दोन मोटरी, त्यात जुन्या घराचं अर्थिंग. तेव्हा कूलर बंद करा, बोर्ड बॅटरीवर घ्या आणि लॅपटॉपचा चार्जर काढा. चार्जर नुसता हमसाठी नाही, जिवासाठीही काढायचा. ज्याच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावलेत त्याचा मेन्सशी कुठूनही संबंध असता कामा नये. खराब चार्जरमधून गळणारा करंट त्याच तारांनी अंगात उतरतो.

मग सॉफ्टवेअरची सेटिंग उघडा. बाहेरून आलेल्या प्रोग्रॅममध्ये नॉच फिल्टर (हमची वारंवारता कापणारा) बहुधा अमेरिकेच्या विजेच्या ६० हर्ट्झवर असतो. तो ५० वर आणा आणि १ ते ४० हर्ट्झचा बँडपास लावा, म्हणजे तेवढ्याच लहरी आत येतील. पण हम इतकी मोठी असेल की अँप्लिफायरच वर जाऊन टेकतो, तर पुढे कितीही फिल्टर लावले तरी काही निघत नाही. पट्टा सपाट कापल्यासारखा दिसत असेल तर तेच झालंय असं समजा.

खरी मेहनत इलेक्ट्रोडची. ज्याच्यावर प्रयोग करणार त्यानं आदल्या रात्री शाम्पूनं केस धुवावेत आणि सकाळी तेलाचा थेंब लावू नये. आपल्याकडे प्रयोग बिघडण्याचं सगळ्यात मोठं कारण खोबरेल तेल आहे. केसांचा भांग पाडून त्वचा हलकी घासा आणि पेस्ट मोजकीच लावा. प्रत्येक इलेक्ट्रोडची इंपिडन्स (त्वचेशी जोडणीतला अडथळा) ५ किलोओमच्या खाली आणायचा प्रयत्न करा; १० पर्यंतही काम भागतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सगळे आकडे जवळपास सारखे हवेत. एक ५ वर आणि दुसरा ४० वर असेल तर दोघांवर सारखीच चढलेली हम वजाबाकीत जात नाही, सिग्नल बनून आत येते. रेफरन्स एका कानाच्या पाळीवर, ग्राउंड किंवा बायस दुसऱ्या पाळीवर. पेस्ट जास्त झाली की शेजारचे दोन इलेक्ट्रोड आतून एकमेकांना जुळतात आणि दोन्ही चॅनल एकच गाणं गातात.

घामाचा त्रास वेगळा. घामातलं मीठ आणि त्वचेची बदलती स्थिती यामुळे रेषा सावकाश वर-खाली तरंगते, साधारण १ हर्ट्झच्या खाली. बँडपासनं ती बरीच जाते, सगळी जात नाही. आमचा सल्ला : रेकॉर्डिंग डिसेंबरात करा, कोड मेमध्ये लिहा. ते जमत नसेल तर एसीची खोली शोधा.

एवढं झाल्यावर एक साधी परीक्षा घ्या. डोक्याच्या मागच्या बाजूचे ओ१ आणि ओ२ हे दोन चॅनल लावा आणि माणसाला डोळे मिटायला सांगा. काही क्षणांत १० हर्ट्झच्या आसपास अल्फा लहर वर यायला हवी, डोळे उघडताच बसायला हवी. ती दिसली नाही तर मशिन लर्निंगचं पानही उघडू नका.

आता ९६ टक्के. तुम्ही बहुधा एकाच प्रयत्नाचं चार-पाच सेकंदांचं रेकॉर्डिंग घेऊन त्याचे एकमेकांवर चढलेले तुकडे केले आणि ते सरमिसळ करून प्रशिक्षण आणि चाचणीत वाटले. म्हणजे चाचणीतल्या तुकड्याचा अर्धा भाग मॉडेलनं आधीच पाहिलेला. वाटणी तुकड्यांची करायची नाही, दिवसांची करायची : सोमवार-मंगळवारवर शिकवा, बुधवारवर तपासा. आकडा धाडकन खाली येईल, पण तो तुमचा खरा आकडा असेल. आणखी एक सापळा बघा. मॉडेल मेंदू वाचतंय की दात? ‘उजवीकडे’ म्हणताना माणूस नकळत जबडा आवळतो, पापणी हलवतो, आणि स्नायूंचा सिग्नल मेंदूच्या सिग्नलपेक्षा मोठा असतो. कपाळावरचे चॅनल काढल्यावर अचूकता कोसळली तर तुमची खुर्ची पापण्यांवर चालत होती.

हात हलवण्याच्या नुसत्या कल्पनेवर खुर्ची चालवायचा हट्ट सोडा. त्यासाठी सी३-सी४, म्हणजे डोक्याच्या वरच्या डाव्या-उजव्या जागांवरचा सिग्नल लागतो आणि बऱ्याच लोकांना सराव करूनही तो नीट देता येत नाही. प्रोजेक्टसाठी लुकलुकणारे चौकोन घ्या. वेगवेगळ्या गतीनं लुकलुकणाऱ्या चार चौकोनांपैकी माणूस ज्याच्याकडे बघतो, ती वारंवारता ओ१-ओ२ वर उमटते. स्क्रीन ६० हर्ट्झची असेल तर तिला भाग जाणाऱ्याच गती घ्या : ७.५, ८.५७, १० आणि १२. मनानं ११ किंवा १३ घातलं तर फ्रेम मागेपुढे होतात आणि शिखर पसरतं. अपस्मार असलेल्या कुणालाही या स्क्रीनसमोर बसवू नका.

आणि खुर्चीला मोटरचा पुरवठाच तोडणारा लाल मशरूम स्विच लावा. त्याचा कोडशी संबंध नको. सिग्नल नाही म्हणजे खुर्ची थांबली, हा नियम. सुरुवातीचे सगळे फेरे रिकाम्या खुर्चीचे.

प्रश्न : माहा पोरगा बारावीत आहे. तो म्हणते का दहा वर्षांत डोक्यात चिप बसन अन् पुस्तकं सरळ डाउनलोड होईन, मंग एवढं पाठांतर काऊन करायचं? त्याच्या मित्रानं एकाग्रतेचा पट्टा आणला आहे. आपण घ्यावा काय? (एक पालक, काटोल)

उत्तर : पोराला सांगा, पाठांतराला विरोध करायला दुसरं कारण शोध.

मेंदूत पुस्तक ठेवायचं कपाट नाही. आठवण म्हणजे चेतापेशींमधल्या असंख्य जोडण्यांची कमी-जास्त झालेली ताकद, आणि ती प्रत्येकाच्या डोक्यात वेगळी बसलेली. बाहेरून फाइल पाठवायची तर ती कोणत्या पत्त्यावर पाठवायची हेच ठरलेलं नाही. इंद्रियांकडून मेंदूकडे सेकंदाला अब्जभर बिट येतात, पण विचार करून, ठरवून माणूस जे काम करतो त्याचा वेग सेकंदाला सुमारे १० बिट निघतो, असा हिशेब कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकच्या शास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये मांडला. तार जाड केली म्हणून तो वेग वाढेल असं समजायला आधार नाही.

बाहेरून आत माहिती घालणारं सगळ्यात यशस्वी यंत्र आज कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू न येणाऱ्यांच्या कानात बसवायचं यंत्र, आहे. कानातल्या साधारण ३,५०० आतल्या ओळीच्या केसपेशींचं काम त्यात फार तर २२-२४ इलेक्ट्रोड करतात. ऑपरेशन झालं की मूल लगेच ऐकू-बोलू लागत नाही. यंत्राचं मॅपिंग पुन्हा पुन्हा करावं लागतं आणि आईबापांना महिनोन् महिने बोलण्याचा सराव घ्यावा लागतो. थोडक्यात, चिप बसल्यावरही पाठांतर असतंच.

पट्ट्याचं म्हणाल तर त्यात कपाळावर दोन-चार सेन्सर असतात. तो मोजतो, आत काही घालत नाही. कपाळावर पापण्यांचा सिग्नल सगळ्यात मोठा, त्यामुळे ‘एकाग्रता ८७’ हा आकडा पोरगा किती कमी पापण्या लववतो यावरही हलतो. घेऊ नका. पण त्याहून एक गंभीर गोष्ट : ९ व्होल्टची बॅटरी आणि ओले स्पंज लावून घरी मेंदूला करंट द्यायचे व्हिडिओ फिरतात. प्रयोगशाळेत करंट १ ते २ मिलिअँपिअरला बांधलेला असतो, साधारण २० मिनिटांसाठी, आणि स्पंज मिठाच्या पाण्यात नीट भिजलेला ठेवतात. घरच्या जुगाडात करंट बांधणारं काहीच नसतं; स्पंज एका कोपऱ्यात सुकला की सगळा करंट उरलेल्या ओल्या ठिपक्यातून जातो आणि तिथं त्वचा भाजते. त्यानं ‘नीट’ परीक्षेत मार्क वाढतात याला पुरावा नाही. पोराच्या खोलीत बॅटरी, स्पंज आणि दोन वायरी एकत्र दिसल्या तर विचारा.

प्रश्न : माझ्या यजमानांना एएलएस (स्नायूंवरचा ताबा हळूहळू जाणारा आजार) आहे. हात गेले, बोलणं अडखळतंय. विचारांवरून बोलून दाखवणारी चिप आली असं वाचलं. नागपुरात किंवा मुंबईत कुठं बसवतात? खर्चाची तयारी आहे. (एक वाचक भगिनी, प्रतापनगर)

उत्तर : ताई, बातमी खरी आहे. पण ही चिप आज विकत मिळत नाही, नागपुरातही नाही आणि अमेरिकेतही नाही. ती फक्त क्लिनिकल ट्रायलमध्ये बसवतात, आणि ट्रायलच्या यंत्राचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. कुणी ‘ट्रायलचं पॅकेज’ म्हणून लाखांचा आकडा सांगितला तर तिथंच फोन ठेवा. भारतात होणाऱ्या प्रत्येक ट्रायलची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया या सरकारी यादीत असावी लागते. ती फुकट बघता येते. नोंदणी क्रमांक आणि एथिक्स कमिटीचं पत्र मागायला संकोच करू नका.

काय साध्य झालंय ते नेमकं सांगतो. मेंदूच्या पृष्ठभागात ३-४ मिलिमीटर लांब-रुंद चौकोनी पट्टी बसवतात, तिला दीड मिलिमीटरपर्यंत लांबीच्या साठ ते शंभर सुया असतात. २०२३ मध्ये स्टॅनफर्डला अशाच पट्ट्यांवर एएलएसची रुग्ण मिनिटाला ६२ शब्द ‘बोलली’, पण चारांतला जवळपास एक शब्द चुकत होता. २०२४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या गटानं २५६ इलेक्ट्रोड वापरून ९७ टक्क्यांच्या वर अचूकता गाठली. या सुधारणेत भाषेच्या मॉडेलचा वाटा मोठा आहे. मेंदूतून ध्वनींचा अंदाज येतो, आणि त्यातून वाक्य कोणतं संभवतं हे कृत्रिम बुद्धिमत्ता ठरवते. म्हणूनच प्रत्येक वाक्यानंतर रुग्णाला ‘हेच म्हणायचं होतं का’ हे विचारायची सोय लागते. नाहीतर संभाव्य वाक्य त्यांच्या तोंडी पडतं आणि घरच्यांना ते त्यांचंच वाटतं. हे दोन्ही प्रयोग इंग्रजीतले, ३९ ध्वनींवर उभे. ‘ळ’ किंवा ‘घ-झ-ढ-ध-भ’ त्या यंत्राला माहीतच नाहीत.

बिघडतं काय? सुईभोवती मेंदू व्रणासारखं आवरण तयार करतो आणि सिग्नल महिन्यावर्षांत मंदावतो. मेंदू जागेवर किंचित हलतो, त्यामुळे काल ऐकू येणारी पेशी आज दुसऱ्याच इलेक्ट्रोडवर येते आणि डीकोडर (सिग्नल उलगडणारा प्रोग्रॅम) पुन्हा जुळवावा लागतो. मेंदूची चिप बनवणाऱ्या न्यूरालिंक कंपनीच्या पहिल्या रुग्णात, २०२४ मध्ये, केसाहून बारीक धाग्यांपैकी बरेच धागे मेंदूतून मागे सरकले. कंपनीला सॉफ्टवेअर बदलून काम सावरावं लागलं. कवटीतून बाहेर जोडणी काढलेली असेल तर जंतुसंसर्गाची भीती कायमची. सिंक्रॉन कंपनीची जाळी मानेतल्या शिरेतून मेंदूच्या मोठ्या शिरेत नेतात, कवटी उघडावी लागत नाही. पण तिला १६ इलेक्ट्रोड, म्हणजे क्लिक आणि स्क्रोल होतं, बोलणं नाही. शिवाय रक्त पातळ करणारी औषधं लागतात.

आता आज, या आठवड्यात करायच्या गोष्टी.

यजमानांचा आवाज आजच रेकॉर्ड करा. बोलणं थोडं तरी स्पष्ट आहे तोवर, शांत खोलीत, कूलर-पंखा बंद करून, मोबाइल तोंडापासून वीतभर अंतरावर. रोजची वाक्यं, नातवंडांची नावं, त्यांच्या ठेवणीतल्या शिव्यासुद्धा. पुढे कृत्रिम आवाज करायचा तर हाच कच्चा माल. थकल्यावर घेतलेलं रेकॉर्डिंग कामाचं नसतं, म्हणून सकाळी दहा-पंधरा मिनिटं पुरे.

एएलएसमध्ये डोळ्यांची हालचाल बहुधा शेवटपर्यंत टिकते, म्हणून नजरेवर चालणारा संगणक हा पुढचा टप्पा. तो येईपर्यंत, आणि वीज गेल्यावरही चालेल असा, पारदर्शक अक्षरफलक घरीच करा. ए३ आकाराची ३ मिलिमीटर जाडीची ॲक्रिलिक शीट, मधोमध चेहरा दिसेल एवढी मोकळी जागा. चार कोपरे आणि चार कडांचे मध्य, अशा आठ जागा होतात. आपली वर्णमाला आधीच गटांत आहे, त्यामुळे काम सोपं : कखगघ, चछजझ, टठडढण, तथदधन, पफबभम, यरलवळ, शषसह-क्ष-ज्ञ, आणि आठव्या जागी मात्रा : आ, इ, उ, ए, ओ आणि अनुस्वार. ऱ्हस्व-दीर्घाचा नाद सोडायचा. पहिल्या सहा जागांवर १ ते ६ आकडेही घाला. यजमान आधी गटाकडे बघतील, मग त्या गटातल्या कितव्या अक्षरासाठी त्या आकड्याकडे. ‘पाणी’ची सुरुवात अशी : प-गट, १, मात्रा, १. तुम्ही समोर बसून फलक मध्ये धरा, साधारण दीड-दोन फुटांवर, आणि तुमची नजर त्यांच्या नजरेला ज्या जागी भिडते ती जागा मोठ्यानं म्हणा. लांब पापणी मिटली की शब्द संपला. शब्द अर्ध्यावर ओळखू आला तर विचारून पूर्ण करा, न विचारता नाही. पहिले काही दिवस चिडचिड होते, मग हात बसतो.

प्रश्न : मेंदूची पूर्ण कॉपी संगणकात ठेवून अमर होता येईल का? (एक निवृत्त शिक्षक, महाल)

उत्तर : गुरुजी, हिशेब मांडू. २०२४ मध्ये हार्वर्ड आणि गुगलच्या गटानं मानवी मेंदूच्या बाह्य थराचा १ घन मिलिमीटर तुकडा अतिसूक्ष्म काप करून नकाशात बसवला. सुमारे ५७ हजार पेशी, १५ कोटी जोडण्या आणि माहिती १.४ पेटाबाइट, म्हणजे १,४०० टेराबाइट. अख्खा मेंदू साधारण १२ ते १४ लाख घन मिलिमीटरचा. गुणाकार १७ ते २० लाख पेटाबाइटवर जातो. आणि ही झाली नुसती स्थिर छायाचित्रं. तुकडा कापावा लागतो; जिवंत मेंदूवर हे होत नाही. एका बारीक गोलकृमीच्या ३०२ चेतापेशींचा नकाशा १९८६ पासून हातात आहे, तरी तो कृमी संगणकात अजून पुरता जिवंत वागत नाही. विम्याचे हप्ते भरत राहा.

प्रश्न : वडिलांना पार्किन्सन आहे, मेंदूत डीबीएसच्या (खोल मेंदूला विजेचे स्पंद देणाऱ्या यंत्राच्या) तारा आणि छातीत बॅटरी बसवली. मशिन आता स्वतःच करंट कमी-जास्त करतं असं ऐकलं. म्हणजे ते एआयशी जोडलेच गेले ना? घरी काय जपायचं? (एक वाचक, मनीषनगर)

उत्तर : जोडले गेलेत, असं म्हणायला हरकत नाही, गप्पांतल्या भविष्यापेक्षा तुमच्या घरातली जोडणी जुनी आणि भरवशाची आहे. फ्रान्समध्ये ग्रनोबलला १९८७ मध्ये या पद्धतीची सुरुवात झाली. साधारण १३० हर्ट्झचे स्पंद मेंदूच्या खोल भागात दिले जातात. नव्या यंत्रांपैकी काही १३ ते ३० हर्ट्झची बीटा लहर ऐकून करंट आपोआप बदलतात. अमेरिकेत अशा यंत्राला फेब्रुवारी २०२५ मध्ये मान्यता मिळाली. वडिलांचं यंत्र त्यातलं आहे का हे मॉडेल क्रमांकावरून कळेल. त्यात भाषा समजणारी बुद्धिमत्ता नाही, उंबरठा ओलांडला की करंट बदलायचा एवढाच तर्क आहे. आणि तेवढाच बरा.

सगळ्यात मोठा धोका फिजिओथेरपीच्या खोलीत आहे. गुडघे दुखतात म्हणून वडील शेक घ्यायला गेले आणि तिथं शॉर्टवेव्ह डायथर्मी (रेडिओलहरींचा शेक) लावली, तर तारा ती ऊर्जा पकडतात आणि टोकाशी मेंदू भाजू शकतो. मशिन बंद ठेवलं तरी धोका जात नाही, आणि डायथर्मी गुडघ्याला लावली तरीही नाही. गरम पाण्याच्या पिशवीचा शेक गुडघ्याला चालतो. एमआरआयआधी डीबीएसच्या टीमला फोन करायचा. प्रत्येक मॉडेलच्या अटी वेगळ्या. दुसरं कुठलंही ऑपरेशन असेल तर सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांना कार्ड दाखवा, कॉटरीचा (विजेनं रक्तस्राव थांबवायच्या साधनाचा) प्रकार त्यावर ठरतो. विमानतळावर कार्ड दाखवून हातानं तपासणी मागा. मागे चुंबक असलेला मोबाइल छातीतल्या बॅटरीवरच्या खिशात नको.

चार्ज न होणारी बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षं जाते. ती संपताना कंप आणि ताठरपणा एकदम परततो, कधी कधी रात्रीतून. त्यामुळे दर भेटीला उरलेला चार्ज वहीत लिहून ठेवा आणि बदलायच्या पैशांची सोय आधीच करा.

एक गोष्ट घरच्यांनाच दिसते, डॉक्टरांना नाही. सेटिंग बदलल्यावर स्वभाव बदलू शकतो : अचानक उधळेपणा, चिडचिड, अति उत्साह, नाहीतर बोलणं जड होणं. ‘म्हातारपणी असं होतंच’ म्हणून सोडू नका. सेटिंग कोणत्या तारखेला बदललं आणि वागणं कधीपासून बदललं हे शेजारी-शेजारी लिहा. तो कागद पाहून डॉक्टर करंट किंवा संपर्कबिंदू बदलू शकतात.

प्रश्न : मी खाणीत डंपर चालवतो. झोप आली की ओळखणारी टोपी देणार असं साहेब म्हणतात. टोपी डोक्यातलं दुसरं काही वाचणार नाही ना? नाही म्हणता येतं का? (एक वाचक, उमरेड परिसर)

उत्तर : अशा टोप्या परदेशी खाणींत वापरात आहेत. आतल्या पट्टीत ईईजीचे सेन्सर असतात. झोप दाटली की संथ लहरी वाढतात, त्या मोजून इशारा देतात. तुम्ही साहेबांबद्दल काय विचार करता हे टोपीला कळत नाही; तेवढा सिग्नल कपाळावरून निघतच नाही. पण दररोज किती वेळा डुलकी आली, रात्रपाळीत किती वाजता, याचा हिशेब जमतो, आणि त्याचा पुढे काय उपयोग करायचा हा मालकाचा मामला होतो.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात मेंदूच्या सिग्नलला वेगळं, जास्त संरक्षण देणारा वर्ग नाही. उलट कलम ७ मध्ये रोजगाराच्या कारणासाठी संमतीशिवायही माहिती वापरायला वाट आहे. त्यामुळे एकट्यानं ‘नाही’ म्हणण्यापेक्षा युनियनमार्फत लेखी मागा : कच्चा सिग्नल साठवणार की फक्त इशारा? किती दिवस? इशारा आल्यावर चालकाला विश्रांती देणार की मेमो? टोपी चुकीचा इशारा देते तेव्हा कोण ठरवणार? घाम आणि सैल बसलेली पट्टी यांनी चुकीचे इशारे वाढतात, आणि मे महिन्यात केबिनचा एसी बंद असला तर ते वाढणारच. डुलकीचा धोका मात्र खरा आहे. टोपी सरसकट नाकारू नका, अटी ठरवा.

प्रश्न : आरोपीच्या मर्जीविरुद्ध मेंदू वाचता येईल का? कायद्याची स्थिती काय? (एक वकील, सिव्हिल लाइन्स)

उत्तर : कायदा आपल्याला ठाऊक आहेच, वाचकांसाठी थोडक्यात. सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ५ मे २०१० रोजी नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग या तिन्ही चाचण्या सक्तीनं करणं घटनेच्या कलम २०(३) आणि २१ च्या विरुद्ध ठरवलं. तंत्राची स्थिती अशी : टेक्सास विद्यापीठाच्या गटानं २०२३ मध्ये एफएमआरआयवरून (मेंदूतल्या रक्तप्रवाहातले बदल दाखवणाऱ्या स्कॅनवरून) ऐकलेल्या गोष्टीचा आशय काढून दाखवला, पण त्यासाठी प्रत्येक माणूस १६ तास स्कॅनरमध्ये राजीखुशीनं पडून होता. एकाचा डीकोडर दुसऱ्यावर चालला नाही, आणि माणसानं मनात आकडे मोजले किंवा दुसरीच गोष्ट सांगायला घेतली की तो कोलमडला. चिलीनं २०२१ मध्ये मेंदूच्या व्यवहाराचं संरक्षण थेट राज्यघटनेत घातलं. आपल्याकडे सेल्वीचा निकाल पोलिसांना बांधतो. ॲप विकणाऱ्या कंपनीला वापरकर्त्यानं न वाचता ‘मान्य’वर ठेवलेलं बोट पुरतं.

प्रश्न : इम्प्लांट बसवल्यावर कंपनीच बंद पडली तर? (एक वाचिका, सदर)

उत्तर : जवळपास असंच घडलेलं आहे. अंध व्यक्तींसाठी ६० इलेक्ट्रोडचं आर्गस-२ हे दृष्टिपटलाचं इम्प्लांट बनवणाऱ्या सेकंड साइट कंपनीनं २०१९ मध्ये ते बनवणं थांबवलं. जगभरात साडेतीनशेहून जास्त लोकांच्या डोळ्यांत ते होतं. चष्म्याचा किंवा कमरेच्या प्रोसेसरचा एखादा भाग गेला की सुटा भाग नाही, दुरुस्त करणारा नाही, आणि एमआरआय चालेल का हे विचारायला पलीकडे कुणी नाही.

म्हणून ट्रायल असो की विकतचं यंत्र, सही करण्याआधी ही उत्तरं कागदावर घ्या. यंत्र काढायची वेळ आली तर ऑपरेशनचा खर्च कुणाचा, आणि अर्धवट काढता येतं की पूर्ण? बाहेरचा प्रोसेसर, चार्जर, केबल किती वर्षं मिळत राहतील? सॉफ्टवेअर कंपनीच्या सर्व्हरशिवाय चालतं का. इंटरनेट तुटलं तर यंत्र कोणत्या सेटिंगवर थांबतं? डीकोडर पुन्हा जुळवायला माणूस नागपुरात येणार की रुग्णानं दर वेळी बेंगळुरू गाठायचं? ट्रायल संपल्यावर यंत्र चालू ठेवणार की बंद करणार? मॉडेल क्रमांक, सिरियल क्रमांक, एमआरआयच्या अटी आणि शेवटच्या सेटिंगचा प्रिंटआउट घरच्या फाइलमध्ये ठेवा, दुसरी प्रत फॅमिली डॉक्टरांकडे द्या. फक्त कंपनीच्या ॲपमध्ये ठेवलेली माहिती ॲपबरोबर जाते.